बँकेनं तोडलेली भुजली

गोरेगावच्या गोकुळछाया बाजार या दुकानात शिरलं की एका बाजूला तांदळानं भरलेल्या कट्ट्यांची थप्पी आणि दुसऱ्या बाजूला एक लहानसं टेबल दिसायचं. टेबलावर लाल कापड, त्यावर पितळेचा गणपती, गणपतीपुढे जास्वंदाचं ताजं फूल आणि मागे खुर्चीवर दुर्गेश्वरी हरिणखेडे. साबण विचारायला आलेली बाई तिच्याशी दोन शब्द बोलायला थांबली की अर्ध्या तासानं उठायची, आणि उठताना तिच्या हातात कार्डाचा अर्ज असायचा.

देवानं या बाईच्या ताटात संकोच वाढलाच नव्हता. आवाजही मोठा. माहेर बिरसीचं, वावर विमानतळाला लागून. डोक्यावर शिकाऊ विमानं घिरट्या घालत असली की बांधावरच्या माणसाला हाक मारायला गळा ताणावाच लागे. तो ताणलेला गळा ती सासरी मोहटोल्याला घेऊन आली. सासू पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "बाई, आमी बहिरे नाही." दुर्गेश्वरीनं मान हलवली आणि तेवढ्याच आवाजात चहाला साखर किती ते विचारलं. नवरा उदाराम राइस मिलमध्ये वजनकाट्यावर होता. तो अबोल माणूस. त्याच्या वाटचंही हीच बोलून घ्यायची.

मोहटोल्यात नवी असताना तिला पहिल्यांदा आपलं म्हटलं ते गीताबाईनं. गीताबाई कुणब्यांची, दुर्गेश्वरी पोवारांची. घरं दोन आळ्यांत, पण विहीर एक. दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात दोघींनी भुजली बांधली.

आमच्या भागात ही रीत जुनी आहे. श्रावणात टोपलीत माती घालून गहू पेरतात, अंधाऱ्या खोलीत झाकून ठेवतात, रोज पाणी शिंपतात आणि रोज देवीची गाणी म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती पिवळी कोवळी रोपं वाजतगाजत बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर नेतात आणि पाण्यात शिरवतात. मूठभर मागे राखून एकमेकींना देतात, पाया पडतात, घरी जातात. पण एखादीशी जीव जडला असेल तर तिच्या कानात आपलं रोप खोचायचं, तिचं आपल्या कानात घ्यायचं, आणि त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या भुजली. मग नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती 'भुजली' म्हणूनच. तिचं सुख ते आपलं, तिच्या घरचं सुतक ते आपलं, आणि ती अडली तर तिचा बोजा आपल्या डोक्यावर. देवीला साक्षी ठेवून मारलेली ही गाठ सुटत नाही. कुणी तोडलीच तर गाव त्याच्या घरचं पाणी पीत नाही, आणि त्याच्याशी देणंघेणं ठेवत नाही.

म्हणून दुर्गेश्वरीनं गीताबाईच्या तोंडून स्वतःचं नाव कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

गोकुळछायानं एका मोठ्या बँकेशी मिळून कार्ड काढलं, तेव्हा मॅनेजर श्यामलालभाऊंनी तांदळाच्या काउंटरवरून दुर्गेश्वरीला उठवून या टेबलावर बसवलं. कार्डावर दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात आणि बँकेचं कोपऱ्यात. बँकेत थोडी मुदत ठेव ठेवली की बायकांच्या नावानं कार्ड मिळायचं. महिन्याचा किराणा त्यावर घ्यायचा, महिना भरला की बिल बँकेत भरायचं, आणि खरेदीचे गुण जमले की दुकानातून एखादी वस्तू फुकट. मोहटोल्याच्या बायांकडे दुधाचे, शिवणाचे, धानाच्या बोनसचे पैसे होते. पण बँक आणि दुकान मिळून एकच कार्ड काढतात, हे काही त्यांच्या गळी उतरेना.

"कार्ड दोघायचं कसं वं?" सुंदरबाईनं भजनाला बसल्या बसल्या विचारलं. सुंदरबाई वयानं सगळ्यांत मोठी, आणि शंका काढण्यातही. "एक लुगडं दोघी नेसतेत का?"

दुर्गेश्वरीनं क्षणभर विचार केला, आणि तिला ती उपमा सुचली. "आजी, दुकानानं आनं बँकेनं भुजली बांधली. दोघायचं मिळून एक घर झालं समजा."

"असं सांग ना मंग," सुंदरबाई म्हणाली, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी अर्ज भरून आली. तिच्यामागे बाकीच्या. सगळ्यांत आधी अर्थात गीताबाई. ती भजन मंडळाची पुढारीण. तिनं घेतलं म्हणजे गावानं घेतलं.

दोन हंगाम छान गेले. गीताबाईनं गुणांवर कुकर घेतला. सुंदरबाईनं गुणांवर मिक्सर घेतला आणि मग पाट्यावरच वाटत राहिली, कारण मिक्सर जपून ठेवायचा होता. मांडोदेवीच्या जत्रेत आजूबाजूच्या गावांच्या बायाही दुर्गेश्वरीला ओळखू लागल्या. "ते भुजली कार्डवाली बाई," असं म्हणायच्या. तिला ते आवडायचं.

आणि यंदा रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या ऐन धांदलीत श्यामलालभाऊंनी तिला आतल्या खोलीत बोलावलं. श्यामलालभाऊ मूळ गोंदिया शहरातले, बोलताना त्यांची गाडी हिंदीवरच धावायची.

"मॅडम, बँक ने हाथ खींच लिया," ते म्हणाले. "महिनाअखेरपर्यंतच कार्ड चालेल. उसके बाद खतम."

"दुकान बंद होते का?"

"दुकान को क्या होता है? दुकान चालू आहे. त्यांना हा धंदा परवडत नाही म्हणे, म्हणून निघाले. पुढे बँक सगळ्यांना स्वतःचं साधं कार्ड पाठवेल. आधीचं बिल आहे ते बँकेतच भरायचं, तारखेच्या आत. गुण असतील ते महिनाअखेरीच्या आत वापरून टाका म्हणावं."

दुर्गेश्वरीला वाईट वाटलं, पण घाबरण्यासारखं तिला त्यात काही दिसलं नाही. तिनं तिथल्या तिथे भजन मंडळाच्या ग्रुपवर आवाज भरून पाठवला. "राम राम सगळ्याइले. बँकेनं दुकानासंगची भागीदारी तोडली आहे. घाबराचं काम नाही. गुण वापरून घ्या." बिल बँकेतच भरायचं, हे सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. ते तर सगळ्यांना माहीतच होतं.

मोहटोल्यानं ऐकलं ते एवढंच, की बँकेनं तोडली.

चार दिवसांनी सुंदरबाई दुकानात आली. पदराच्या गाठीतून नोटा सोडून तिनं श्यामलालभाऊंच्या गल्ल्यावर ठेवल्या. "घ्या. माह्या मयन्याचं."

"आजी, हे बँकेत भरायचं आहे."

"बँकेत कायले? बँकेनं भुजली तोडली. तोडणाऱ्यासंग देणंघेणं नाही चालत. तुमी उरले ना? उरलेल्यानं बोजा उचलाचा असते. घ्या."

श्यामलालभाऊंनी दुर्गेश्वरीकडे पाहिलं. दुर्गेश्वरी धावत आली. "आजी, असं नाही होत. बिल बँकेचंच आहे. कार्ड दाखवा बरं."

"कार्ड बोडीत शिरवलं," सुंदरबाई शांतपणे म्हणाली. "हळदीकुंकू लावून शिरवलं. तसं फेकलं नाही."

"पर आजी..."

"मी बुडवासाठी नाही आलो बाई. पैसे घेऊन आलो. नाही घेत तं तुमची मर्जी." नोटा पुन्हा गाठीत गेल्या, आणि सुंदरबाई पायरी उतरून एसटीच्या थांब्याकडे निघूनही गेली.

संध्याकाळी दुर्गेश्वरी गावात घरोघर फिरली. प्रत्येक घरी तेच. कुणालाही पैसे बुडवायचे नव्हते. पैसे डब्यात तयार होते. फक्त बँकेला द्यायचे नव्हते. तोडणारा आधी नारळ घेऊन देवीपुढे यावा, माफी मागावी, मग पाहू. एकीनं तर विचारलं, "बँकेचा मालक येईल का नारळ घेऊन?"

हसण्यासारखी गोष्ट होती, पण दुर्गेश्वरीला पुढचं दिसत होतं. तारीख उलटली की बँक दंड लावणार आणि मुदत ठेवीतून कापून घेणार. कापलेली ठेव पासबुकात दिसली की कुणी बँकेला नाव ठेवणार नाही. बँक मोहटोल्यात राहत नाही. मोहटोल्यात राहते ती दुर्गेश्वरी. या सगळ्या बायांनी बँकेचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं. त्यांनी कार्ड घेतलं ते हिच्या शब्दावर. तो शब्द एकदा गेला की मग आवाज कितीही मोठा असो, ऐकणारं कुणी उरत नाही.

ती गीताबाईकडे गेली. गीताबाई ओसरीवर भाताचं पातेलं निवत ठेवत होती, आणि शेजारच्या दोघी-तिघी बसल्या होत्या.

"भुजली, तूच सांग यायले," दुर्गेश्वरी उभ्या उभ्याच म्हणाली. "तुहं आयकतेत. तारखेच्या आत बँकेत भरा म्हणावं."

गीताबाईनं पातेल्यावर झाकण ठेवलं. मग हळूच म्हणाली, "दुर्गेश्वरी, आमाले बँक मालूम नव्हती. तूच म्हणली का भुजली आहे म्हणून. आता तूच म्हणतेस का तोडणाऱ्याच्या हाती पैसे द्या. तुह्या लेखी भुजली म्हणजे इतकीच का?"

ओसरीवरच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. नाव उच्चारलं गेलं होतं.

दुर्गेश्वरीचा चेहरा उतरला असेल, पण तिनं मान खाली घातली नाही. "हे नाव मी तुह्या तोंडून आयकलं नाही," ती म्हणाली. "मी उद्या येतो." आणि ती निघाली.

घरी तिनं उदारामला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता ऐकत होता. ताट संपल्यावर म्हणाला, "गोष्ट तुही चुकली नाही. माप चुकलं."

"म्हणजे का?"

"कट्टा पोह्याचा आनं भरला धान. काट्यावर कसा बसंल?" एवढं बोलून तो हात धुवायला उठला. त्याच्यासाठी हे भाषणच झालं.

सकाळी न्हाऊन दुर्गेश्वरी महादेवाच्या देवळात गेली. पिंडीवर पाणी घातलं, बेल वाहिला आणि डोळे मिटले. पैसे वाचू दे, नोकरी टिकू दे, असलं काही तिनं मागितलं नाही. तिनं मागितलं ते एवढंच की तोंडात योग्य शब्द घाल. देवळातून बाहेर पडताना तिचं पाऊल ठाम होतं. देवाकडे मागून झालं की पुढची खटपट आपणच करायची, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आधी ती बँकेच्या गोरेगाव शाखेत गेली. तिथे हर्षिता मॅडम नावाच्या अधिकारी होत्या, तिशीच्या आतबाहेरच्या, गोंदियाहून रोज स्कूटीनं येणाऱ्या. त्यांनी पूर्ण गोष्ट ऐकली. भुजलीशी आल्यावर त्यांना हसू फुटलं, पण बोडीत शिरवलेल्या कार्डाशी आल्यावर त्या गंभीर झाल्या.

"तारीख मी पुढे ढकलू शकत नाही," त्या म्हणाल्या. "ते वरचं काम. पण बाजाराच्या दिवशी मी स्वतः एक काउंटर तुमच्या बायांसाठी ठेवते. कार्ड नसलं तरी पासबुकावरून भरून घेऊ. आणि ठेव सुरक्षित आहे, हे प्रत्येकीला मी तोंडानं सांगीन. चालेल?"

"चालंल. पर मॅडम, एक इचारू? बँक अशी मधातच काऊन निघाली?"

मॅडमनी खांदे उडवले. "करार संपत आला होता. वरच्यांनी हिशोब पाहिला, पुढे नको म्हणाले. भांडण नाही काही. दुकानाशी बोलणं अजून चांगलंच आहे."

करार संपत आला, पुढे नको म्हणाले, भांडण नाही. दुर्गेश्वरी बँकेच्या पायऱ्या उतरताना हे घोळवत होती. एसटीच्या खिडकीतून पाण्यानं भरलेली भाताची बांधी दिसत होती, बायांच्या वाकलेल्या पाठी दिसत होत्या. गावच्या थांब्यावर उतरली तेव्हा ती हसत होती.

घरी न जाता ती सरळ गीताबाईच्या रोवण्यावर गेली. चपला बांधावर काढल्या, लुगडं खोचलं आणि चिखलात उतरली. पेंडीतली रोपं सोडून गीताबाईच्या शेजारची ओळ धरली. बाकीच्या बायांनी एकमेकींना कोपरं मारली.

"दुकानातल्या मॅडम आल्या वं रोव्याले," एक म्हणाली. "यायले एसी लावा."

"मॅडमची ओळ वाकडी चालली."

"बिरसीची आहो मी," दुर्गेश्वरी वाकल्या वाकल्या म्हणाली. "तुमच्या नवऱ्यायच्या गाड्याइपेक्षा सरळ चालतो."

हशा पिकला. गीताबाई हसली नाही, पण तिनं हात थोडा सावकाश केला, म्हणजे दोघींच्या ओळी बरोबर चालाव्यात. अर्धी ओळ लावून झाली. मग दुर्गेश्वरीनं विचारलं, "हे वावर यंदा तूनं अधियानं घेतलं ना?"

अधिया म्हणजे दुसऱ्याच्या शेतात आपण राबायचं आणि पीक अर्धंअर्धं वाटून घ्यायचं. मालकाशी बोलणं हंगामापुरतं असतं.

"दुर्गाप्रसाद पाटलाचं आहे," गीताबाई म्हणाली. "तुले मालूम नाही का?"

"मागच्या साली कोणाकडं होतं?"

"सुकरामकडं."

"त्यानं सोडलं काऊन?"

"त्याले नाही परवडलं. त्याचं पोरगं नागपूरले गेलं, हात कमी पडले. सोडलं." गीताबाई थांबली. "हे काऊन इचारून राहिली?"

"आनं सोडताना शेवटच्या पिकातला त्याचा अर्धा पाटलानं देला का नाही?"

"देला नाही तं का! उभं पीक दोघायचं असते. सोडून जाते म्हणून त्याचा अर्धा जाते का कुठं? पाटलानं खळ्यावरच मोजून देला."

"सुकरामनं तोडलं, असं कोणी म्हणलं का? त्याच्या घरचं पाणी सोडलं का कोणी?"

"अधियात कायचं तोडणं? हंगाम झाला, सोडलं." हे बोलता बोलता गीताबाईचा हात रोपावर थांबला. ती कंबर धरून सरळ झाली आणि दुर्गेश्वरीकडे पाहू लागली.

दुर्गेश्वरीही सरळ झाली. "दुकान म्हणजे वावर," ती म्हणाली. आता तिचा आवाज विमानाखालचा झाला होता, सगळ्या बांधीला ऐकू जाणारा. "बँकेनं ते हंगामापुरतं अधियानं घेतलं होतं. तिले परवडलं नाही, तिनं सोडलं. भांडण नाही, तंटा नाही. पर आपण जे घेतलं, तेल, साखर, ते उभं पीक आहे. त्यातला तिचा वाटा तिचाच. तो तिच्या खळ्यावर पोचवाचा आनं मोकळं व्हाचं. उद्या दुसरा कोणी अधियावाला येईल."

"मंग तूनं भुजली कायले म्हणलं?" गीताबाईनं विचारलं. तिचा खरा राग तिथेच होता.

"माह्या तोंडात तेवढंच मोठं नातं होतं. तेच देऊन टाकलं. ते तिथं द्याचं नव्हतं. भुजलीत कोणी परवडते का नाही ते पाहत नाही. बँक तं पाहणारच, तिचा धंदा आहे. देवीच्या साक्षीचं नातं मी किराण्याच्या कार्डाले लावलं, हे मले शोभलं नाही. पुन्हा नाही लावणार."

वारा पाण्यावरून गेला, लावलेली रोपं एकदम डुलली. पलीकडच्या ओळीतली एक बाई म्हणाली, "बरोबर सांगून राहिली वं ते. माह्या नवऱ्यानंही अधिया सोडलं होतं, त्याचा वाटा भेटलाच ना."

मग गीताबाई वाकली. "भुजली," ती म्हणाली, "पेंडी फेक इकडं. माह्यापासची सरली."

दुर्गेश्वरीनं पेंडी फेकली. त्या दिवशी तिनं अंधार पडेस्तोवर रोवणा केला, आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून दुकानात गेली.

बाजाराच्या दिवशी मोहटोल्याच्या बाया एकाच एसटीनं गोरेगावला आल्या. आधी बँकेत, मग बाजारात, असं गीताबाईनं ठरवून दिलं होतं. उलट केलं तर पैसे भाजीतच जातील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हर्षिता मॅडमनी शब्द पाळला. काउंटरवर स्वतः बसल्या, आणि प्रत्येकीला, "मावशी, तुमची ठेव जागच्या जागी आहे," असं न कंटाळता सांगत राहिल्या. दुर्गेश्वरी रांगेच्या कडेला उभी होती. कुणाचं पासबुक उघडून दे, कुणाचा चष्मा शोधून दे, कुणाला, "आवाज कमी, बँक आहे," असं सगळ्यांत मोठ्या आवाजात सांग.

सुंदरबाईची पाळी आली. "कार्ड?" मॅडमनी विचारलं.

"बोडीत आहे."

"बरं. पासबुक?"

पासबुक मिळालं, रक्कम निघाली. सुंदरबाईनं पदराची गाठ सोडली आणि नोटा मॅडमच्या पुढ्यात टेबलावर ठेवल्या. मॅडमनी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

"हातात नाही देत," सुंदरबाई म्हणाली. "हे म्हणते का अधिया होतं. असंल. पर मी भुजली समजून घेतलं होतं ना? माह्या मनातून एकदम नाही जात. टेबलावर ठेवलं, तुमी उचला."

मॅडमनी गंभीर चेहऱ्यानं टेबलावरून नोटा उचलल्या आणि पावती टेबलावर ठेवली. सुंदरबाईनं ती उचलली. दोघींचंही समाधान झालं. बाहेर आल्यावर सुंदरबाई दुर्गेश्वरीला म्हणाली, "पोरगी चांगली आहे. मालक खराब असंल."

तारखेच्या आत सगळ्यांचं भरून झालं. कुणाच्या ठेवीला धक्का लागला नाही. त्या बाजारात बायांनी दुर्गेश्वरीला गरम भजी खाऊ घातली आणि पैसे देऊ दिले नाहीत.

पोळा उलटल्यावर श्यामलालभाऊंनी पुन्हा तिला आतल्या खोलीत बोलावलं. या वेळी त्यांचा चेहरा खुललेला होता. "नई बँक मिल गई. नवीन कार्ड. बायांना सांगायचं कसं, ते तुम्हालाच जमतं. तो भुजलीवाला किस्सा पुन्हा चालू करा ना, पब्लिक को पसंद आता है."

"भुजली नाही," दुर्गेश्वरी म्हणाली. "आनं भाऊ, आधी मले सांगा, ही बँक किती सालासाठी आहे?"

"तीन साल का करार. पण ते गिऱ्हाइकाला कशाला?"

"मी सांगणार. कार्ड घेताना पहिले तेच सांगणार. बँक सोडून गेली तं का होईल, पैसे कुठं भराचे, ठेवीचं का, गुणाचं का. मंग फायदे."

श्यामलालभाऊंनी डोक्याला हात लावला. "मॅडम, दुकानावर बसून कुणी आधी निघण्याची गोष्ट करतं का?"

"अधिया करताना आमी करतो," ती म्हणाली. "हंगाम किती, वाटा किती, सोडलं तं कसं. तेवढं बोलल्याशिवाय नांगर घालत नाही. तुमाले चालत नसंल तं मले तांदळाच्या काउंटरवर बसवा. तिथंही मी खुशच होतो."

श्यामलालभाऊंना ती चांगली ओळखत होती, आणि तेही तिला. ते म्हणाले, "ठीक है बाबा. जसं तुम्हाला वाटेल."

टेबलावर नवं लाल कापड आलं. पहिल्या दिवशी तिच्यापुढे बसली ती तेढा गावाकडची एक तरणी सून, डोक्यावरून पदर, कडेवर पोर. तिनं गुण, भेटी, कुकर असं काय काय ऐकलं होतं. दुर्गेश्वरीनं तिला आधी पाणी दिलं आणि मग सांगायला सुरुवात केली, ती बँक कधी जाऊ शकते इथूनच. सून ऐकत गेली तसा तिचा चेहरा बावरत गेला. तिनं पोर सावरलं आणि खुर्चीतून अर्धी उठली.

"जाणारच आहे तं घेऊ कायले, बाई?"

दुर्गेश्वरीनं तिला थांबवलं नाही. "नका घेऊ. घरी इचारा, मंग पाहा."

मागे तांदळाच्या कट्ट्यांपाशी गीताबाई उभी होती. पिशवीत चिन्नोर तांदूळ भरून घेत होती, रोख पैसे मोजून. तिनं नवं कार्ड घेतलं नव्हतं आणि घेणारही नव्हती. "मले दोनदा अधिया नको," असं तिनं भुजलीला आधीच सांगून टाकलं होतं, आणि त्यावर दुर्गेश्वरी, "बरं," एवढंच म्हणाली होती. आता पिशवीचं तोंड आवळत ती त्या सुनेजवळ आली.

"बस वं माय," तिनं सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. "आयकून तं घे पुरं. घ्याचं का नाही ते तुही मर्जी, मी काही घेतलं नाही. पर हे बाई सांगते ते खरं असते."

सून पुन्हा बसली. पोरानं टेबलावरच्या फुलाकडे हात नेला. दुर्गेश्वरीनं गणपती थोडा मागे सरकवला, फूल पोराच्या हातात दिलं आणि जिथे थांबली होती तिथून पुढे सांगू लागली.